मोस्खोसांची हनुवटी

कवटी वर आली ती तोंड घट्ट मिटून.

खड्ड्यात उतरलेल्या पारास्केवासने ती दोन्ही हातांत धरून मान वर केली, पेलागियाकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. ग्रीसमधल्या कावालाच्या टेकडीवरच्या या दफनभूमीत त्याने अर्धं गाव पुरलं होतं आणि ज्याची त्याची तीन वर्षं भरली की हाडं अस्थिघरात ठेवायला रीतीप्रमाणे परत उकरून काढलं होतं. माणूस मातीतून निघतो तेव्हा खालचा जबडा सुटलेला असतो, तो वेगळा शोधावा लागतो, हे त्याला पाठ होतं. पेलागियालाही होतं. सासूच्या वेळी तिनेच मातीत बोटं घालून तो शोधला होता. पण तिच्या नवऱ्याचा, स्तेर्गिओसचा, जबडा जागच्या जागी होता. दातांवर दात बसलेले. नको तो प्रश्न विचारला की तो जिवंतपणी जसं तोंड आवळून घ्यायचा, अगदी तसं.

"द्या इकडे," असं म्हणून पेलागियाने पांढरं फडकं पसरलं.

"थांबा बाई. याला काहीतरी बांधलंय."

माती झटकल्यावर दिसलं. हनुवटीखाली वाटीच्या आकाराचा एक तुकडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून टाळूवर गेलेला पट्टा. कोट गेला होता, दाढी गेली होती, लाकडी पेटीसुद्धा हाताने कुस्करावी अशी झाली होती. हा पट्टा तेवढा कालच बांधल्यासारखा शाबूत होता. पेलागियाच्या लेकीने, अन्थुलाने, तो ओळखला आणि तिचा चेहरा उतरला. तो तिच्याच दातांच्या दवाखान्यातला होता. ज्या मुलांची हनुवटी पुढे वाढत जाते त्यांना झोपताना बांधायला देतात, तो. लहानपणी बापाने तिला बांधला होता, आणि आता ती दुसऱ्यांच्या मुलांना बांधत होती.

मेलेल्याचं तोंड उघडं राहू नये म्हणून रुमालाने बांधतात, आणि पेटीचं झाकण लावण्याआधी ती गाठ सोडतात. बांधलेल्या तोंडाने गेलेल्याला तिकडे उत्तर देता येत नाही म्हणतात. गाठ सोडणं हे घरातल्या सर्वांत थोरल्या बाईचं काम. सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या.

आसिमीना सुरूच्या झाडाखाली उभी होती. स्तेर्गिओसची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, काळा रुमाल नेहमीसारखा खालच्या ओठापर्यंत ओढलेला. ती पुढे आली नाही आणि मागेही सरली नाही. तिची नजर त्या पट्ट्यावर होती, आणि पेलागियाला वाटलं, या बाईला जराही आश्चर्य वाटलेलं नाही.

मोस्खोसांची, म्हणजे या घराण्याची, हनुवटी हा गावात नावं ठेवायचा विषय. थोरला मोस्खोस पलीकडच्या किनाऱ्यावरून नावेत बसून आला तेव्हा बरोबर फक्त चहाचा एक समोवार आणि ती हनुवटी घेऊन आला, असं तंबाखूच्या वखारीतले लोक म्हणत. फावड्यासारखी पुढे आलेली, खालचे दात वरच्यांना झाकणारी. पुरुषांचं त्यामुळे काही अडलं नाही. आसिमीनाचं अडलं. बघायला आलेले दोघंतिघं कॉफी पिऊन गेले ते गेलेच. तेव्हापासून तिने रुमाल ओढून घेतला तो घेतला. लग्नाच्या, बारशाच्या कुठल्याच फोटोत ती नाही. स्तेर्गिओस मात्र व्हिएन्नाला शिकायला गेला आणि सरळ दात, राखलेली दाढी आणि जबडे वळणावर आणायची विद्या घेऊन परतला. त्याच्याकडे पाहून कोणी म्हटलं नसतं की हा त्या घरातला.

मरताना त्याने लिहून ठेवलं होतं की पेलागियाच्या पश्चात हे घर आणि खालचा दवाखाना थेसालोनिकी विद्यापीठाच्या दंतविभागाला जावा, त्यातून दरवर्षी एका गरजू मुलाला वा मुलीला ही विद्या शिकायला मिळावी. आणि तीन वर्षांनी माती उकरली की आपलं डोकंही तिथेच द्यावं, संशोधनाला. विद्यार्थी होता तेव्हापासून दरवर्षी तो स्वतःच्या डोक्याचा बाजूने एक्स-रे काढत आला होता. एवढ्या वर्षांच्या सावल्या आहेत, ज्याच्या त्या सावल्या ते हाडही त्यांच्या हाती असू द्या, असं त्याचं म्हणणं. दिलीत तर दोन्ही द्या. एकाला आडवे आलात तर दुसरंही देऊ नका, घर मुलांना वाटून टाका. तो हट्टी होता, मेल्यावरही तसाच राहिला.

दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या ओट्यावर पेलागियाने रीतीप्रमाणे वाइनमध्ये ती कवटी धुतली. वाइन डोळ्यांच्या खोबणीत भरायची आणि गालांवरून ओघळायची. थ्रासोस, तिचा मुलगा, तिकडे न बघता बोलत होता. तीन वर्षांपूर्वी तो हसला होता. डोकं न्या, घर न्या, मला काय, म्हणाला होता. पण गेलं वर्षभर तो आत्याला दर रविवारी चर्चला गाडीतून नेऊ लागला होता, आणि शेवटच्या दिवशी कबरीतून माणूस डोक्यासकटच उठला पाहिजे हे आत्याचं वाक्य आता त्याच्याही तोंडी आलं होतं. घर दोघा भावंडांचं आहे, हे वाक्य त्याच्या मागोमाग यायचं.

पाद्री योर्दानिस चांगला माणूस. पट्टा नीट बघून तो म्हणाला, "बांधलेला आहे हा. मी सुटकेची प्रार्थना वाचतो, पण याला आज मातीतच ठेवा. अशा अवस्थेत गावाबाहेर धाडू नका."

"ऐकलंस ना आई?" थ्रासोस म्हणाला. "बाबांनाच जायचं नाहीये. आणखी काय कळायला पाहिजे?"

"बाबांनी नाही बांधलं ते," अन्थुला म्हणाली. "ज्यांनी बांधलं त्यांना विचार. आज हे असंच निघावं, तुम्ही घाबरावं आणि डोकं परत पुरावं, म्हणूनच बांधलं. हो की नाही, आत्या?"

पेलागियालाही तेच वाटत होतं, लेकीपेक्षा जास्तच वाटत होतं. ज्या माणसाशेजारी ती आयुष्यभर झोपली त्याला या बाईने तीन वर्षं तोंड बांधून अंधारात ठेवलं होतं. पारास्केवासने कात्री पुढे केली.

"नको," पेलागिया म्हणाली. "ज्याने बांधलाय त्यानेच सोडायचा. तोवर हे माझ्या घरी राहील. सोमवारी थेसालोनिकीहून माणसं येतील, तेव्हा बघू."

बाकीची हाडं पेटीत गेली, पेटी अस्थिघरात गेली. डोकं वेताच्या टोपलीत, पांढऱ्या फडक्याखाली, पेलागियाच्या मांडीवर बसून घरी आलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवण वरच्या मजल्यावर झालं. सार्डिन होते, घेवड्याची उसळ होती, कोणी धड जेवलं नाही. टोपली खाली दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीतल्या टेबलावर होती, आणि जमिनीखालून कोणी ऐकत असावं तसं सगळे हळू बोलत होते. थ्रासोसची मुलगी मिर्तो घास चावताना हनुवटीवर हात धरत होती. थ्रासोसने दोनदा तिचा हात खाली केला. तिसऱ्यांदा त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि जेवण अर्धवट टाकून तो बायकोपोरीला घेऊन निघून गेला. आसिमीना भिंतीकडच्या खुर्चीवर, रुमालाच्या आतून, चमच्याने थोडं थोडं खात राहिली. तिला त्या टेबलावर बसू द्यायचं नाही असं अन्थुलाने ठरवलं होतं. पेलागियाने बसू दिलं, पण तिच्याशी ती एक शब्द बोलली नाही.

दुपारी गाव झोपलं. सप्टेंबरचं ऊन खिडक्यांच्या पट्ट्यांतून आत आलं होतं, बंदरातला भोंगासुद्धा वाजत नव्हता. पेलागिया पलंगावर डोळे मिटून पडली होती तेव्हा तिने नवऱ्याचा आवाज ऐकला.

बोलणं कळत नव्हतं, पण आवाज तोच होता. दातांमधून हवा निसटावी तसा स, खालच्या ओठावर अडखळणारा प. जागेपणी स्तेर्गिओस असा कधी बोलला नाही. त्याचं बोलणं कात्रीसारखं साफ. पण झोपेत, भिंतीकडे तोंड करून, तो असंच काहीतरी पुटपुटायचा, आणि पेलागिया त्या आवाजाच्या सोबतीने म्हातारी झाली होती. आता तो जिन्याच्या खालून येत होता. ती उठली. पायांत सपाता घालायचं तिला सुचलं नाही. फरशी गार होती आणि जिना उतरताना आवाज थांबला नाही, उलट स्पष्ट होत गेला. मधूनच तो थांबायचा, समोरचा काही सांगतोय आणि हा ऐकतोय इतका वेळ, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

एक्स-रेच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. टोपलीवरचं फडकं बाजूला केलेलं होतं. समोर आसिमीना बसली होती, डोक्यावर रुमाल नव्हता. पेलागियाने या घरात येऊन उभा जन्म काढला होता, पण नणंदेचा पुरा चेहरा ती आज पहिल्यांदा बघत होती, आणि रुमालाआड न घुसमटलेला तिचा आवाजही पहिल्यांदाच ऐकत होती.

"ये," आसिमीना मागे न बघता म्हणाली. "तुझ्याबद्दलच बोलत होतो."

पेलागियाने दाराची चौकट धरली. "कोण बोलत होतं, वन्सं?"

"बस."

ती बसली. मेणबत्तीच्या उजेडात कवटीचे दात ओले दिसत होते.

"मी गाठ सोडली होती, पेलागिया. रीतीप्रमाणे सोडली. तुम्ही बाहेर पाद्र्याशी बोलत होता, आत मी एकटी होते. रुमाल काढला आणि याची हनुवटी पुढे आली. हळूहळू. आतून कोणी ढकलावी तशी. दाढी होती, तरी दिसलंच." आसिमीनाने स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "पेटीत मीच झोपले होते."

"पण त्यांची तर सरळ…"

"दात सरळ केले होते. हाड कुठे जाईल? त्याने ते धरून ठेवलं होतं, बाई. मागे ओढून. बोलताना, जेवताना, हसताना. तरणा होता तेव्हा मला म्हणाला होता, आसिमीना, एक क्षण विसरलो तर सगळ्यांना कळेल. मला वाटलं, पुढे सवयीचं झालं असेल. सवयीचं झालेलं नव्हतं. मेला तेव्हाच सुटलं."

पेलागियाला पलंगाची भिंतीकडची बाजू आठवली. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तो त्या बाजूला, पाठ करून. तिला वाटायचं माझा कंटाळा आहे. मग वाटायचं दुसरी कोणी आहे. मग काही वाटेनासं झालं. एवढी वर्षं तो भिंतीला आपला चेहरा दाखवत होता.

"सगळं गाव पेटीतल्याला अखेरचं चुंबन द्यायला रांगेत उभं होतं," आसिमीना म्हणाली. "जन्मभर झाकलं त्याने, आणि शेवटच्या घटकेला मी त्याला उघडा पाडू? मी इथे आले, खुंटीवरचा पट्टा काढला आणि बांधला. वर दाढी, फुलं. विभागाला डोकं द्यायचंय हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. तू ते नंतर वाचून दाखवलंस."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तसाच निघाला तर माझं पाप दिसेल, आणि सोडून ठेवला असता तर त्याची लाज. त्या दिवसापासून डोळा लागला की हा येतो आणि माझ्या उशाशी उभा राहतो. बोलायचा प्रयत्न करतो. तोंड उघडत नाही. म्हणून म्हणत होते, नका काढू वर. घराचं मला काय करायचंय."

पेलागियाचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही; त्या जागी एक गारवा आला होता, आणि तो भीतीचा होता की दुःखाचा, हेही कळत नव्हतं.

"आज तर बोलले ना तुमच्याशी," शेवटी ती म्हणाली. "सोडा आता."

आसिमीनाने टाळूवरचं बक्कल सोडलं. जबडा खाली सुटला आणि तिच्या ओंजळीत आला. आवाज म्हणण्यासारखा झाला नाही. पण खिडक्या बंद होत्या, दार पेलागियाच्या पाठीशी होतं, आणि तरी मेणबत्तीची ज्योत एकदा तिच्या दिशेला पूर्ण आडवी झाली आणि सावकाश सरळ झाली. दोघींनी ते पाहिलं. दोघींनी ते कोणाला सांगितलं नाही.

"ते यंत्र चालू आहे का अजून?" आसिमीनाने विचारलं.

"अन्थुला वापरते की रोज."

"दरवर्षी स्वतःचा काढला की मला बोलवायचा. म्हणायचा, माझं हाड वळवून पाहिलेलं, तुझं जसंच्या तसं राहिलेलं. तुझ्यावाचून माझे फोटो अर्धे आहेत, शिकणाऱ्या पोरांना अर्धंच कळेल. मी म्हणायचे, मेल्यावर काढ." तिने ओंजळीतला जबडा फडक्यावर ठेवला. "बोलाव तिला."

अन्थुला झोपेतून उठून आली ती तोंड फिरवूनच. पेलागियाने तिला जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. ऐकून ती पायरीवर बसली, हातांत डोकं धरून, आणि मग उठून आत गेली. आत्याला तिने खुर्चीवर बसवलं, कानांशी दोन्ही बाजूंनी यंत्राच्या काड्या टेकवल्या, आणि मऊ आवाजात म्हणाली, "दात मिटून ठेवायचे, आत्या. श्वास रोखायचा. हलायचं नाही."

फिल्म पेलागियाने धुतली. लग्न झाल्यापासून ते काम तिचंच होतं. गावातल्या निम्म्या पोरांची डोकी तिने त्या लाल दिव्याखाली पाण्यातून वर येताना पाहिली होती. फक्त नवऱ्याच्या फिल्म तिने कधी पाहिल्या नाहीत. त्या तो स्वतः धुवायचा, दाराला आतून कडी घालून, आणि कपाटात कुलपात ठेवायचा.

आधी कपाळाचा पांढरा काठ आला. मग डोळ्याची खोबण, मग नाकाचं हाड. हनुवटी सगळ्यात शेवटी आली, पुढे, आणखी पुढे, फिल्मच्या कडेपर्यंत. तोंड उघडं होतं. दातांच्या दोन रांगांमध्ये काळी फट स्पष्ट दिसत होती, बोलता बोलता टिपल्यासारखी.

"आत्या, दात मिटायला सांगितले होते मी," अन्थुला फिल्म उजेडाला धरून म्हणाली.

"मिटलेच होते," आसिमीना म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. यंत्रापलीकडच्या काचेतून पेलागियानेही तिला बघितलं होतं. दात मिटलेलेच होते.

अन्थुलाने पुढे वाद घातला नाही. तिने कपाटाचं कुलूप काढलं आणि बापाची शेवटची फिल्म आत्याच्या फिल्मशेजारी दिव्याच्या काचेवर लावली. मग त्याआधीची लावली, मग त्याआधीची. ती एकेक लावत गेली आणि तिचे हात मंद होत गेले. प्रत्येक फिल्ममध्ये जबडा मोकळा सोडलेला होता. वर्षातून एकदा, आतून कडी घालून, स्तेर्गिओस मोस्खोस आपल्या खऱ्या चेहऱ्याने बसला होता.

"मला वाटायचं, बाबांचं हाड वळलंच असेल," अन्थुला म्हणाली. "त्यांच्याकडे बघून मी मुलांना वचनं देते."

"म्हणून तर डोकं देतोय तो," आसिमीना म्हणाली. "खोटं काय आणि खरं किती, ते पोरांना शिकू दे. कोणाला तरी बांधून न ठेवता करता येतंय का, तेही बघू दे."

तिने दिव्याच्या काचेवर बोट टेकवलं, भावाच्या हनुवटीवरून ते सावकाश फिरवलं आणि शेजारच्या आपल्या हनुवटीवर आणलं. कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली ते पेलागियाला बोट थांबेपर्यंत समजलं नाही.

संध्याकाळी थ्रासोसचा फोन आला. घराचा विषय त्याने काढला नाही. त्याने बहिणीला एवढंच विचारलं की मिर्तोला दाखवायला कधी आणू. अन्थुलाने मंगळवार सांगितला.

सोमवारी सकाळी थेसालोनिकीहून विभागाची गाडी आली. रोदान्थी नावाची एक तरुण अध्यापिका उतरली, काळे कपडे घालून. बरोबर तिने खोक्यात कापूस भरून आणला होता. आसिमीनाने ते खोकं घेतलं नाही. टोपली कडेवर घेऊन ती स्वतः पायऱ्या उतरली, रस्त्यावर, रुमाल न ओढता, उघड्या तोंडाने. समोरच्या बेकरीतल्या बायका दारात आल्या आणि बघत राहिल्या. आसिमीनाने त्यांना बघू दिलं.

"हा माझा भाऊ," तिने त्या मुलीला सांगितलं आणि टोपली तिच्या हातांत दिली. "मी गेले की मलाही न्यायचं, हे माझ्या भाचीला मी सांगून ठेवलंय. दोघांना एका फळीवर ठेवा, तोंडं समोरासमोर करून. आणि रात्री तुमच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला तर घाबरू नका. आमचं बरंच राहिलंय."

मुलगी हसली नाही. तिने टोपली छातीशी धरली, फडक्याखाली एकदा पाहिलं, आणि गाडीत बसताना ड्रायव्हरशेजारची पुढची जागा टोपलीला देऊन आपण मागे बसली.